गोदामातली नोकरी सांभाळून एम.बी.ए.: भिवंडीकरांनी काय पाहावे

भिवंडी आणि आसपासच्या वाचकांकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. विचारणारा बहुधा पंचविशी-तिशीतला असतो. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा किंवा पडघ्याकडच्या एखाद्या गोदामात इनवर्ड, पिकिंग नाहीतर डिस्पॅच सांभाळतो. पदवी झालेली असते किंवा शेवटच्या वर्षाला राहून गेलेली असते. नोकरी सोडणे शक्य नसते. हातात दोन-तीन जाहिराती असतात. एक 'पार्ट-टाइम एम.बी.ए.'ची, एक 'ऑनलाइन एम.बी.ए. इन लॉजिस्टिक्स'ची, एक कुठल्या तरी 'एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम'ची. यातले खरे कोणते, आपल्याला झेपणारे कोणते, आणि एवढे करून पगारात फरक पडेल का, असे तिन्ही प्रश्न एका दमात विचारलेले असतात. ते सुटे करून पाहू या.

हा प्रश्न भिवंडीतूनच इतका का येतो, हे तुम्हाला सांगायला नको. मुंबईच्या जकात नाक्यांच्या बाहेर, मुंबई-नाशिक महामार्गाला लागून आणि न्हावा शेव्याच्या बंदरापासून गाठण्याजोग्या अंतरावर, म्हणून गोदामे इथे आली. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि जकात गेली, तरी गोदामे हलली नाहीत. उलट राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवण्याचे करांचे कारण संपल्यावर कंपन्यांनी मोठी गोदामे थोड्या ठिकाणी एकवटली आणि त्यांतली बरीच इथे उभी राहिली. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. काम वाढले, रॅक उंच झाले, वहीच्या जागी स्कॅनर आला. पण मजल्यावरून वर चढलेला माणूस सुपरवायझरच्या पुढे अडतो, कारण त्यापुढच्या पदाच्या जाहिरातीत पदव्युत्तर शिक्षण मागितलेले असते.

पदवी कशासाठी हवी, हे आधी ठरवा

तुम्ही तिघांपैकी कोण आहात, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

पहिला, गोदामात चार-सहा वर्षे काढलेला पदवीधर. काम येते, माणसे सांभाळता येतात, पण नव्या कंपनीत अर्ज केला की पहिल्या चाळणीत नाव गळते. तुम्हाला पदवीचा उपयोग आहे. मात्र तुमच्या बाबतीत पदवी मान्यताप्राप्त असणे महत्त्वाचे, संस्थेचे नाव किती मोठे हे त्यानंतर. तुमचे खरे भांडवल अनुभव आहे, पदवी फक्त दार उघडते.

दुसरा, या क्षेत्रात अजून न आलेला. घरचे यंत्रमाग बंद पडले किंवा कापडाच्या पेढीत भागत नाही, म्हणून लॉजिस्टिक्सकडे वळावेसे वाटते. तुम्ही आधी एम.बी.ए.ला पैसे घालू नका. गोदामात किंवा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात एक वर्ष काम करा, मग ठरवा. रात्रपाळी, मार्च एंडिंगची स्टॉक मोजणी आणि सेलच्या दिवसांतला डॉक हे सगळे पाहूनही इथेच राहावेसे वाटले, तर शिका. अनुभवाशिवायची अर्धवेळ एम.बी.ए. भिवंडीच्या बाजारात फारशी खपत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा वाचक भिवंडीचा खास. भातशेतीच्या जमिनीवर गोदामे बांधून भाड्याने देणाऱ्या घरांतली मुले-मुली, त्यांत बरीचशी आगरी-कोळी. तुम्हाला पदवी हौसेसाठी घ्यायची तर जरूर घ्या. धंद्यासाठी मात्र तुम्हाला भाडेकराराच्या अटी, एमएमआरडीएकडून लागणाऱ्या बांधकाम परवानग्या आणि आगीपासून बचावाचे नियम जास्त उपयोगी पडतील. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा 'बी' फॉर्म दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. गोदाममालकांच्या किती घरांत ही फाइल नीट ठेवलेली असते, ते तुम्हीच आठवून पाहा.

तासांचा हिशेब मांडा, मग संस्था निवडा

बहुतेक जण आधी विद्यापीठ निवडतात आणि नंतर वेळ शोधतात. उलटे करा.

दूरस्थ शिक्षणाच्या नियमांत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. सत्रात पाच विषय धरले तर ६०० तास, आणि सहा महिन्यांच्या २६ आठवड्यांत ते वाटले तर आठवड्याला २३ तास होतात. रविवारी सात तास बसलात तरी बाकीचे सहा दिवस रोज अडीच-पावणेतीन तास उरतात. नऊ तासांची शिफ्ट, त्यात अंजूरफाट्याची किंवा कशेळी-काल्हेरच्या रस्त्यावरची कोंडी, हे धरून तुमच्याकडे रोज इतके तास आहेत का? नसतील तर अभ्यासक्रम सोडायची गरज नाही, त्याची मुदत लांबवायची. इग्नूची एम.बी.ए. किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पूर्ण करता येते. 'दोन वर्षांत एम.बी.ए.' हे वाक्य जाहिरातीसाठी ठीक आहे. गोदामात काम करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून तीन वर्षांचा बेत आखावा आणि पहिल्या परीक्षेला सगळे विषय न घेता झेपतील तेवढेच घ्यावेत.

आता वर्षाचे चक्र. ई-कॉमर्सच्या गोदामात दिवाळीआधीचा सेल म्हणजे रजा बंद, बारा-बारा तासांच्या पाळ्या. ज्या विद्यापीठाची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, तिथे तुमची एक परीक्षा दर वर्षी बुडण्याची शक्यता धरून चाला. जून आणि डिसेंबरला परीक्षा घेणारे इग्नूसारखे विद्यापीठ या दृष्टीने सोयीचे. एफएमसीजी किंवा औषधांच्या गोदामात मार्चअखेरची मोजणी हा कठीण काळ असतो. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी मागच्या दोन वर्षांची परीक्षांची वेळापत्रके काढा आणि आपल्या साइटच्या गर्दीच्या महिन्यांशेजारी ठेवून पाहा.

फिरती शिफ्ट असलेल्यांनी संध्याकाळच्या वर्गाचा विचारही करू नये. दर आठवड्याला पाळी बदलते, वर्गाची वेळ बदलत नाही.

जाहिरातीतली नावे

- पार्ट-टाइम: वर्गात जाऊन, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी. मुंबई विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या अर्धवेळ पदव्युत्तर पदव्या जुन्या आणि मानाच्या आहेत. चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था (स्थापना १९६५) त्यासाठी ओळखली जाते. पण या पदव्या प्रामुख्याने विपणन, वित्त, मनुष्यबळ अशा शाखांच्या आहेत, आणि सहा वाजता सुटणाऱ्या भिवंडीकराला ठाणे गाठून लोकलने संध्याकाळच्या वर्गाला चर्चगेटला पोचणे जमणार नाही. मुंबईत काम असेल तरच याकडे बघा.
- दूरस्थ: पुस्तके, गृहपाठ, अभ्यासकेंद्रावरची मोजकी संपर्कसत्रे आणि परीक्षा केंद्रावर परीक्षा.
- ऑनलाइन: शिकवणे इंटरनेटवर, परीक्षा देखरेखीखाली. अभ्यासकेंद्र लागतच नाही. म्हणून 'आमचा क्लास हे ऑनलाइन विद्यापीठाचे भिवंडी सेंटर आहे' असे कुणी म्हणाले की तिथेच थांबा.
- एक्झिक्युटिव्ह: हा शब्द काहीही झाकू शकतो. कधी ती अनुभवी लोकांसाठीची खरी पदवी असते, कधी नामांकित संस्थेचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र. प्रमाणपत्र वाईट नाही, पण ती पदवी नव्हे.
- पी.जी.डी.एम.: पदविका. विद्यापीठ नसलेल्या संस्था एम.बी.ए. ही पदवी देऊ शकत नाहीत, म्हणून त्या ही पदविका देतात. तिचे वजन एआयसीटीईच्या मान्यतेवर ठरते.

भिवंडीतून पोचता येण्याजोग्या वाटा

*बारावी राहिलेली असेल* तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, ती पूर्ण करता येते. ही पायरी गाळून कुणी थेट पदवी देऊ करत असेल तर ते कागद पुढे कुठेच चालणार नाहीत.

*बारावी झाली, पदवी नाही.* नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांसाठीच चालले आहे. त्याची बी.कॉम. मराठीतून करता येते आणि अभ्यासकेंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. मुंबई विद्यापीठाचे दूरस्थ शिक्षण (जुने नाव आयडॉल, १९७१ पासून) हा दुसरा पर्याय. विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र बाळकुमला, कशेळीच्या पुलापलीकडेच आहे. कोणत्या कामासाठी कलिना गाठावे लागेल आणि कोणते बाळकुमला उरकेल, ते आधी विचारून घ्या. इथे एक गोंधळ नेहमी होतो. २०२४ पासून महाराष्ट्रात बी.बी.ए., बी.एम.एस.च्या नियमित प्रवेशासाठी राज्याची सीईटी सुरू झाली. ती महाविद्यालयातल्या नियमित प्रवेशासाठी आहे, मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.साठी नाही.

वय वीसच्या आत असेल आणि नोकरी अजून धरलेली नसेल, तर अर्धवेळ शिक्षणापेक्षा शिकाऊ उमेदवारीला जोडलेली लॉजिस्टिक्सची पदवी शोधा. लॉजिस्टिक्स सेक्टर स्किल कौन्सिलच्या सहकार्याने काही महाविद्यालये ती चालवतात. त्यात काही काळ प्रत्यक्ष कंपनीत काम असते आणि त्याचे विद्यावेतन मिळते.

*पदवी झाली, ५० टक्क्यांच्या वर* (आरक्षित प्रवर्गासाठी ४५). इथे निवड खरी सुरू होते. इग्नूच्या एम.बी.ए.त ऑपरेशन्स ही शाखा आधीपासून आहे, आणि लॉजिस्टिक्स व पुरवठा साखळी व्यवस्थापनाची स्वतंत्र एम.बी.ए.ही विद्यापीठाने सुरू केली आहे. ती तुमच्या सत्राच्या माहितीपत्रकात आणि तुमच्या प्रादेशिक केंद्रात आहे याची खात्री करून घ्या. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचीही एम.बी.ए. आहे. खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन एम.बी.ए.त 'ऑपरेशन्स अँड सप्लाय चेन' हा विशेष विषय आता सर्रास मिळतो. माटुंग्याची वेलिंगकर आणि पुण्याचे सिम्बायोसिस दूरशिक्षण केंद्र यांच्या पदविका नोकरदारांत परिचित आहेत. पवईची निटी ऑगस्ट २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. पुरवठा साखळीच्या शिक्षणात तिचे नाव मोठे, पण तिची दोन वर्षांची एम.बी.ए. पूर्णवेळ आणि कॅटमधून. नोकरी सोडायची तयारी असेल तरच तो रस्ता.

विशेष विषयाच्या नावावर फार अडून बसू नका. 'लॉजिस्टिक्स' असे लिहिलेल्या एम.बी.ए.त आणि 'ऑपरेशन्स'च्या एम.बी.ए.त पुष्कळ विषय सारखेच असतात: साठा नियंत्रण, खरेदी, वाहतूक, प्रकल्प व्यवस्थापन. अभ्यासक्रमाची यादी काढा आणि त्यात गोदाम व्यवस्थापन, साठ्याचे गणित, आयात-निर्यातीची कागदपत्रे आणि डेटा विश्लेषण यांतले किमान तीन विषय आहेत का ते पाहा. नसतील तर नावात काहीही असो, तो अभ्यासक्रम सामान्य व्यवस्थापनाचा आहे.

*पदवी झाली, पण टक्के कमी.* एम.बी.ए.चा दरवाजा बहुतेक ठिकाणी बंद. एम.कॉम. किंवा टक्क्यांची अट नसलेली पदव्युत्तर पदविका पाहा. 'टक्क्यांचे आम्ही बघून घेऊ' असे सांगणाऱ्या एजंटापासून दूर राहा.

आणि हे सगळे करण्याआधी एक स्वस्त चाचणी: सरकारच्या स्वयम् मंचावर आयआयटींच्या प्राध्यापकांचे पुरवठा साखळी आणि ऑपरेशन्सवरचे अभ्यासक्रम आहेत. शिकणे फुकट, प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे साधारण हजार रुपये. बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम नोकरी करत पुरा झाला तर दोन-तीन वर्षांची एम.बी.ए. जमेल असे धरायला हरकत नाही. चौथ्या आठवड्यात सुटला, तर लाखभर रुपये वाचले.

पैसे भरण्याआधी तपासायच्या गोष्टी

1. संस्था नव्हे, अभ्यासक्रम तपासा. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक दिलेली असते. विद्यापीठाची बी.कॉम. मान्य असली म्हणून एम.बी.ए.ही असेलच असे नाही. तुमचे सत्र, तुमचा अभ्यासक्रम, तुमची पद्धत (दूरस्थ की ऑनलाइन) या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत दिसल्या पाहिजेत.
2. डेब आयडी. २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी हा क्रमांक विद्यार्थ्याने स्वतः काढायचा आहे. त्यासाठी आधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी लागतो. आधारवरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळत नसेल तर गाडी इथेच अडते. वडिलांचे नाव मधे आहे-नाही, आडनावाचे स्पेलिंग, लग्नानंतरचे नाव, सगळे आधी दुरुस्त करून घ्या. एजंट 'आयडीची गरज नाही' म्हणाला, तर तो प्रवेश विद्यापीठाच्या नोंदीत येणारच नाही असे समजा.
3. फ्रँचायझी. दूरस्थ पदवी फ्रँचायझीमार्फत चालवायला यूजीसीच्या २०२० च्या विनियमांत बंदी आहे. शहरातला क्लास तुम्हाला शिकवू शकतो, पण प्रवेश देऊ शकत नाही आणि परीक्षाही घेऊ शकत नाही. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा.
4. 'दहा दिवसांची एम.बी.ए.' असल्या नावांविरुद्ध यूजीसीने २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला होता. शैक्षणिक कंपन्यांमार्फत विकल्या जाणाऱ्या, यूजीसीची मान्यता नसलेल्या परदेशी विद्यापीठांच्या पदव्यांबद्दलचा इशारा डिसेंबर २०२३ चा आहे.
5. फीच्या पावतीवरचा जीएसटी. कायद्याने मान्य पदवीच्या शिक्षणावर जीएसटी लागत नाही. सगळ्या फीवर १८ टक्के लावलेले दिसले, तर तुम्ही पदवी नव्हे, कुठला तरी कोर्स विकत घेत आहात.

दूरस्थ पदवीला किंमत नाही, असे सांगणारे भेटतील. २ सप्टेंबर २०२२ च्या यूजीसीच्या पत्रकानुसार मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. सरकारी नोकरीच्या अर्जात हा आधार पुरतो. खासगी कंपनी मात्र आपल्या मर्जीने चाळणी लावू शकते, आणि काही लावतात. ज्या दोन-तीन कंपन्यांत जायची इच्छा आहे, तिथल्या ओळखीच्या माणसाला विचारा की त्यांच्याकडे कुणाची कोणती पदवी चालली.

फी आणि हप्ते

सरकारी मुक्त विद्यापीठांची पूर्ण एम.बी.ए. लाखाच्या आत होते. खासगी ऑनलाइन एम.बी.ए.ला दीड-दोन लाख आणि त्याहून पुढेही लागतात. जास्तीच्या पैशांत चांगले व्हिडिओ, ॲप आणि थोडाफार पाठपुरावा मिळतो. ज्याला कुणी मागे लागल्याशिवाय पुस्तक उघडवत नाही, त्याने तो खर्च करावा. बाकीच्यांना मी मुक्त विद्यापीठच सुचवेन.

खरा सापळा 'नो कॉस्ट ईएमआय'चा. फोनवर समुपदेशक गोड बोलतो, ओटीपी मागतो, आणि तुमच्या नावावर एखाद्या वित्तकंपनीचे कर्ज उभे राहते. अभ्यासक्रम सोडला तरी हप्ते थांबत नाहीत, कारण कर्ज कंपनीचे आणि शिक्षण विद्यापीठाचे. एखाद-दुसरा हप्ता चुकला की सिबिल बिघडते आणि पुढे टेम्पोचे किंवा घराचे कर्ज अडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाचा एकूण वार्षिक खर्च सांगणारे मुख्य माहितीपत्रक तुम्हाला मिळायलाच हवे, आणि डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडता येते. ती मुदत फार लहान असते. कागद आला त्याच दिवशी वाचा.

शैक्षणिक कर्ज घ्यायचेच असेल तर बँकेकडून घ्या. जुन्या करप्रणालीत राहिलात तर त्याच्या व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते.

कंपनी फी भरायला तयार असेल तर उत्तमच. पण सोबत किती वर्षे थांबायचे आणि मधेच सोडले तर किती परत द्यायचे, हे लेखी घ्या. 'बघू नंतर' यावर सही करू नका.

तुमचे गोदाम हाच तुमचा प्रकल्प

इथे भिवंडीचा विद्यार्थी महागड्या संस्थेतल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या पुढे असतो, आणि बहुतेक जण नेमकी हीच संधी घालवतात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून दोन-तीन हजारांत विकत घेतात. मुलाखतीत 'प्रकल्प कशावर केला' असे विचारले की तोंडाला कुलूप लागते.

त्याऐवजी रोज डोळ्यांसमोर घडणारी एक गोष्ट मोजा.

गाडी गेटवर आल्यापासून गेट पास घेऊन सुटेपर्यंत किती वेळ जातो? तो वेळ तुकड्यांत मोडा: गेटवर थांबणे, डॉक मिळणे, उतरवणे, मोजणी, जीआरएन बनणे. बहुतेक गोदामांत लोडर सावकाश काम करतात अशी तक्रार असते. मोजून पाहा, वेळ कदाचित कागदांत जात असेल. किंवा कोणता माल सर्वांत जास्त उचलला जातो याची यादी काढून तो डॉकच्या जवळच्या रॅकवर आहे का ते पाहा. एम.बी.ए.च्या पुस्तकात याला एबीसी विश्लेषण म्हणतात. तुमच्या पिकरला ते पायांनी ठाऊक असते. चुकीच्या पिकिंगच्या तक्रारी कोणत्या पाळीत आणि कोणत्या रांगेत जास्त येतात, हाही चांगला विषय.

वाहतुकीकडे असाल तर ई-वे बिल घ्या. आंतरराज्य मालाला पन्नास हजार रुपयांच्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर ते लागते. साधारण मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत असते, आणि ती संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतर वाढवून घेता येते. मुदत संपलेल्या गाड्या नेमक्या कुठे अडकतात आणि का, याची तीन महिन्यांची नोंद काढलीत तर कुठल्याही परीक्षकाला काहीतरी नवे वाचायला मिळेल.

दोन सूचना. व्यवस्थापकाची लेखी परवानगी घ्या, आणि ग्राहकांची नावे, दर, स्कॅनरच्या प्रणालीतले आकडे जसेच्या तसे विद्यापीठाला देऊ नका. नावांच्या जागी 'ग्राहक अ', आकड्यांच्या जागी टक्केवारी. दुसरे, एक्सेल नीट शिका. पिव्होट टेबल आणि शोधसूत्रे सफाईने वापरता येणारा सुपरवायझर एमआयएसच्या खुर्चीपर्यंत पदवीआधीच पोचतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

नोकरीत काय मागता येते, काय नाही

परीक्षेसाठी रजा हा खासगी नोकरीत हक्क नाही. कुणी सांगितले तरी विश्वास ठेवू नका. आहे त्या रजेतून ती घ्यावी लागते, म्हणून परीक्षेचे वेळापत्रक येताच अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

पुढच्या गोष्टी मात्र हक्काने मागा:

- आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत ओव्हरटाइमला कामगाराची संमती लागते. पण १८,००० रुपयांच्या वर पगार घेणारा सुपरवायझर 'कामगार' या व्याख्येत बसत नाही, हे लक्षात ठेवून बोला.
- नेमणूकपत्र. याच संहितांनी ते बंधनकारक केले आहे.
- अनुभवाचा पुरावा. भिवंडीतले पुष्कळ जण गोदाम चालवणाऱ्या कंपनीच्या नव्हे, मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या पगारपत्रकावर असतात, आणि ठेकेदार बदलला की जुना अनुभव हवेत जातो. दर नोकरी सोडताना अनुभवपत्र घ्या. ते मिळाले नाही तर पी.एफ.चे पासबुक उतरवून ठेवा. एकाच यूएएन क्रमांकाखाली कोणत्या मालकाने कोणत्या महिन्यापर्यंत पैसे भरले ते त्यात दिसते. अनुभव मागणाऱ्या अभ्यासक्रमाला हाच कागद उपयोगी पडतो.

महिला वाचकांसाठी एक सूचना. परीक्षा केंद्र निवडताना घरापासूनचे अंतर पाहण्यापेक्षा संध्याकाळच्या सत्रानंतर परतीची बस किंवा शेअर रिक्षा मिळते का ते पाहा. कल्याण आणि ठाणे दोन्ही पर्याय असतील तर तुमच्या गावाचा रस्ता कोणत्या बाजूला लागतो त्यावर ठरवा.

बिनसले तर

प्रवेश रद्द केल्यास फी परत मिळण्याचे टप्पे यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत आहेत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केल्यास किरकोळ प्रक्रियाशुल्क वजा जाता पूर्ण फी, त्यानंतर पण शेवटच्या तारखेआधी ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०, पुढे काही नाही. कधी कधी एखाद्या वर्षापुरती यूजीसी याहून सैल सवलत जाहीर करते, तीही पाहा. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवायला याच अधिसूचनेत मनाई आहे. दाखवा, प्रत द्या, मूळ कागद घरी आणा.

तक्रार आधी विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी करा. २०२३ च्या विनियमांनुसार समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील. यूजीसीच्या ई-समाधान मंचावरही तक्रार नोंदवता येते. समुपदेशकाने व्हॉट्सॲपवर दिलेली आश्वासने पुसू नका, पुरावा म्हणून तीच कामी येतात. कर्जाबद्दलची तक्रार वेगळी: आधी वित्तकंपनी, तिने ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाची सत्रे वर्षात दोन असतात, एक जुलै-ऑगस्टचे आणि एक जानेवारी-फेब्रुवारीचे. गोदामात काम करणाऱ्यांनी दुसरे धरावे, कारण दिवाळीची धावपळ तोवर आटोपलेली असते आणि पुढच्या सेलपूर्वी एक पूर्ण सत्र हाती लागते. एबीसी आणि डेब आयडी मात्र आत्ताच काढून ठेवा, आणि आधारवरचे नाव गुणपत्रिकेशी आज रात्रीच ताडून पाहा.